खानदेशी आवाज

९ नोव्हेंबर, रविवार. सिल्वासा

उद्या वापीहून दिल्लीची गाडी. बॅग भरली, उपसली, परत भरली. आई म्हणते कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ न्यायचंच. मी म्हटलं, तिथे भाकरी कोण थापणार? तर म्हणे, "तू. तुले हात नहीत का?" संपला विषय. पीठ बॅगेत आणि माझी चांगली चप्पल बाहेर.

अजून खरं वाटत नाही. अख्ख्या कॉलेजातून एकच अर्ज निवडला गेला आणि तो माझा. सहा आठवडे, खासदारांच्या कार्यालयात, थेट दिल्लीत! बारावीनंतर दोन वर्षं मी कारखान्यात वाइंडिंगला होते, दिवसभर बॉबिन भरत. त्यामुळे वर्गात वयाने सगळ्यांत मोठी मीच, आणि पोरं मला "काकू" म्हणतात. आता म्हणा काकू.

खासदार म्हणजे मालतीताई. राज्यसभेच्या आहेत, महाराष्ट्रातून गेलेल्या. पूर्वी रत्नागिरीला वकिली करायच्या. मुलाखत फोनवर झाली. मला वाटतं मी फार मोठ्याने बोलले. पण घेतलं ना!

पप्पांनी सगळ्या चाळीला सांगितलंय — झिपरू बोरसेची पोरगी पार्लमेंटात चालली. दादऱ्याला ते ज्या धाग्याच्या कारखान्यात मशीनवर आहेत, तिथेही सांगून झालं. म्हणजे हातांनी सांगून झालं. मशीन चालू असताना तिथे बोलून काही उपयोग नसतो, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. दोन बोटं फिरवली की बॉबिन आण. कान धरला की सुपरवायझर आला. मूठ छातीवर ठोकली की धागा जुळला, मशीन चालू. मला ही भाषा बाराखडीच्या आधी आली.

आज जेवताना पप्पांनी माझ्याकडे बघून मूठ छातीवर ठोकली. मला रडू आलं, ते मी ठेच्यावर ढकललं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दिल्ली

कार्यालय म्हणजे साउथ अव्हेन्यूवर ताईंच्या घराची पुढची खोली. तीन टेबलं, एक टीव्ही, आणि कागद — जिथे बघावं तिथे कागद. कारभार अरविंद सरांच्या हातात. ते ताईंचे स्वीय सहायक. चार खासदार त्यांच्या डोळ्यांसमोर आले नि गेले, हे जागचे हलले नाहीत. तोंडात कायम सुपारी. आणि माझ्याबरोबर प्रथमेश, पुण्याचा, कायदा शिकतो, शर्टाला इस्त्री अशी की घडीने भाजी चिरावी.

कामं: टपाल फोडायचं, बातम्यांची कात्रणं काढायची, ताईंच्या भाषणासाठी आकडे शोधायचे. जमतंय.

एकच त्रास. दिल्लीची माणसं पुटपुटतात! अरविंद सर सुपारीआडून, प्रथमेश नाकातून, शेजारच्या खोलीतले टायपिस्ट कशातून बोलतात देव जाणे. मी "हं" म्हणत मान हलवते आणि मग काय म्हणाले असतील ते कामावरून ओळखते. माणसं मोठी होत गेली की आवाज लहान होत जातो वाटतं.

१३ नोव्हेंबर

प्रथमेश म्हणतो त्याने मला चारदा हाक मारली. अरे, मग तोंड उघडून मार ना.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शोभा झाली. आईचा फोन आला. मी व्हरांड्यात जाऊन बोलत होते — जेवण काय, थंडी किती. आई लेकीला नेहमी म्हणते तसं म्हणाली, "आंडेर, कानटोपी घालजो." मी म्हटलं घालते. एवढंच बोलणं. आत आले तर सगळे माझ्याकडे बघतायत, आणि ताईंना भेटायला आलेले कुठलेसे माजी मंत्री चहाचा कप हवेत धरून बसलेले.

अरविंद सर म्हणाले, "कावेरी, फोनचे पैसे का घालवतेस? तुला सिल्वासा असंच ऐकू जाईल."

प्रथमेश इतका हसला की त्याला ठसका लागला. बरं झालं.

मला राग आला. खोलीवर येऊन भाकरी थापली आणि थापताना जरा जोरातच थापली. करोलबागेतल्या ज्या सावंतकाकूंकडे राहते त्या येऊन विचारून गेल्या, बाळ, काही पडलं का?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज ताईंनी आत बोलावलं. मला वाटलं गेली नोकरी — नोकरी नव्हतीच म्हणा.

ताई चष्म्यावरून बघतात. पण बोलतात स्पष्ट, वकिली सवय. म्हणाल्या, "तू एवढ्या मोठ्याने का बोलतेस?"

मी म्हटलं, "ताई, आमच्याकडे सगळेच बोलतात. खानदेशी आवाज आहे."

"मी शहाद्याला प्रचारात महिना काढलाय. तिथे तर कोणी असं बोलत नव्हतं."

मला आजोळ आठवलं. शिंदखेड्याजवळचं आमचं गाव. दर उन्हाळ्यात मामी हेच म्हणते — "तुम्ही सिल्वासावाले भांडता का बोलता?" गावात सगळे साध्या आवाजात बोलतात. मामासुद्धा. आईसुद्धा गावी गेली की दोन दिवसांत खाली येते. मोठ्याने बोलतात ते आम्ही. आमची चाळ. आमच्या घरी टीव्ही असा लागतो की शेजारच्यांना वेगळा लावायची गरज नाही, आणि शेजारीही तसाच लावतात. पप्पांशी बोलायचं तर समोर जाऊन, खांद्याला हात लावून. शेजारच्या मधुकर काकांशी तसंच. त्यांच्या भावाशी तसंच. सगळे धाग्यातले, सगळे मशीनवरचे.

हे मला आजवर कधी दिसलं नव्हतं. लहानपणापासून वाटायचं, बापमाणसं अशीच असतात. वय झालं की कान जातात. पण पप्पांचं वय तरी काय झालंय!

ताईंना हे सगळं सांगितलं. मोठ्यानेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बस. आणि हे लिहून काढ."

१९ नोव्हेंबर

सापडलं! कारखान्यांच्या कायद्याला जोडलेली एक यादी असते — कामामुळे होणाऱ्या आजारांची, जे आढळले की डॉक्टरने आणि मालकाने सरकारला कळवलेच पाहिजेत असे. शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस, फुप्फुसात जाणारी धूळ. आणि त्यातच, मधोमध — आवाजाने येणारा बहिरेपणा.

म्हणजे हे वय नाही. हे नशीब नाही. हा आजार आहे, त्याला नाव आहे आणि तो मोजायचा असतो. मी ते वाक्य टेबलावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं. प्रथमेशने शोधायला मदत केली, हे इथे नोंदवून ठेवते. वाईट मुलगा नाही.

मला आता एकच हवंय. हा प्रश्न सभागृहात विचारला गेला पाहिजे. मोठ्याने.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल रात्रीपर्यंत प्रश्नाचा मसुदा केला. दोन पानं. चाळ, मशीन, पप्पा, मालक, सगळं घातलं. अरविंद सरांनी वाचला आणि लाल पेन उघडलं. पान संपेपर्यंत लालच लाल.

"प्रश्नात गोष्ट नको. आरोप नको. कुणाचं नाव नको. विशेषणं तर नकोच. एकच विषय, आणि असा विचारायचा की उत्तरात आकडा द्यावाच लागेल."

मी म्हटलं, "आणि राग?"

ते पहिल्यांदाच सुपारी थुंकून स्पष्ट बोलले. "राग पूरक प्रश्नासाठी राखून ठेवायचा. लेखी प्रश्न म्हणजे नुसतं दार वाजवणं. मंत्री दारात आला की मग बोलायचं."

दोन पानांच्या पाच ओळी झाल्या. कारखान्यांतल्या आवाजाने बहिरेपणा आल्याच्या किती नोंदी गेल्या तीन वर्षांत झाल्या. राज्यवार आणि केंद्रशासित प्रदेशवार. कामगारांचे कान तपासले जातात का. नसल्यास कारणे काय. बस्स. थंडगार. पण हे टाळताच येणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

घरी सांगितलं. मला वाटलं पप्पा खूश होतील.

पप्पांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आई मधे. मी आईला सांगते, आई त्यांना हातांनी सांगते, ते बोलतात ते मला ऐकू येतं. आज आईचं सांगून झालं. मग पप्पांचा आवाज, जवळून, फोन स्वतः हातात घेऊन —

"कावेरी, कंपनीनं नाव लेवू नको. मना कान गयात हाई कळनं तं मशीनवरतीन काढी टाकतीन."

आणि फोन आईला दिला. माझं उत्तर ऐकू येणार नाही हे माहीत असल्यासारखं.

इतकी वर्षं मला वाटायचं पप्पांना कळतच नाही की त्यांना कमी ऐकू येतं. ते तर लपवत होते. सुपरवायझर बोलला की त्याच्या ओठांकडे बघून मान हलवत होते. मी आईला सांगितलं, नाव येणार नाही, शब्द देते. आई म्हणाली, "मी सांगस त्यासले. तू जेव."

जेवले नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

प्रश्न दाखल. ताईंची सही, खाली तारीख. आता सोडत. शेकडो प्रश्न येतात, त्यातून तोंडी उत्तरासाठी दिवसाला पंधरा निघतात. उरलेल्यांना लेखी उत्तराची चिठ्ठी, म्हणजे बातमी नाही, चर्चा नाही, मंत्री उठून उभासुद्धा राहत नाही.

सावंतकाकूंनी गणपतीपुढे साखर ठेवली. मी नको म्हटलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

निघाला!! तारांकित! चौथा!

अरविंद सरांनी आतून सांगितलं तर मला कळेना काय झालं, प्रथमेशने माझ्यासमोर चार बोटं नाचवली तेव्हा कळलं. मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या फ्लॅटमधल्या खासदारांचा कुत्रा भुंकायला लागला. ताई बाहेर आल्या. म्हणाल्या, "आज ओरडलेलं चालेल."

११ डिसेंबरला. चौथा म्हणजे पोहोचेल. सभागृह चाललं तर.

१ डिसेंबर

अधिवेशन सुरू. पहिल्याच दिवशी गोंधळ, घोषणा, तहकूब. आम्ही कार्यालयात टीव्हीवर बघतो. मी आवाज वाढवते, प्रथमेश कमी करतो. मी वाढवते, तो कमी करतो. पुण्याची माणसं काटकसरी असतात हे ऐकलं होतं, पण आवाजातसुद्धा?

४ डिसेंबर, गुरुवार

आज प्रश्नोत्तराचा तास पुरा वाहून गेला. एकही प्रश्न नाही. ज्यांचे होते त्यांचं काय? अरविंद सर म्हणाले, "लेखी उत्तर मिळतं. पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रयत्न." पुढच्या अधिवेशनात मी सिल्वासात असेन आणि पप्पा मशीनवर.

असाच गोंधळ ११ला झाला तर मी काय करेन मला माहीत नाही. मला आत्ताच राग येतोय.

८ डिसेंबर

ताईंचं पूरक प्रश्नाचं बोलणं मी लिहिलं. आज पाच वेळा परत आलं. सहाव्यांदा त्यांनी कागद ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "तुझ्याबद्दल बोलू का? नाव न घेता?"

मी म्हटलं, बोला. पण कंपनी नको, पप्पा नकोत.

"वकील आहे मी," ताई म्हणाल्या. "साक्षीदाराला कसं सांभाळायचं ते मला शिकवू नकोस." आणि हसल्या.

१० डिसेंबर, बुधवार

मला प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला! अरविंद सरांनी नियम ऐकवले. आत मोबाइल नाही, पेन नाही, कागद नाही. पुढे वाकायचं नाही. बोलायचं नाही. टाळी वाजवायची नाही — काही झालं तरी नाही.

प्रथमेश म्हणाला, "ही टाळी नाही वाजवणार? मार्शल बाहेर काढतील हिला." मग पास माझ्या हातात देताना हळूच म्हणाला, आणि हे मात्र मला नीट ऐकू आलं कारण तो तोंडासमोर होता, "ऑल द बेस्ट, काकू." ते त्याला मीच सांगितलं होतं, कॉलेजातलं. चूक झाली.

११ डिसेंबर, गुरुवार

लिहिते. सगळं क्रमाने लिहिते, नाही तर उद्या वाटेल मी रचलं.

सकाळी मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं. सोबत तक्ता. राज्य, प्रदेश, नोंदी. बहुतेक रकान्यांत एक तर शून्य, नाही तर आडवी रेघ. ताईंनी तक्ता वाचला आणि चष्मा पुसला. त्यांना आनंद झाला की चष्मा पुसतात, हे मला आता कळतं. "शून्य," म्हणाल्या. "यापेक्षा चांगलं उत्तर ते देऊच शकले नसते."

फाटकावर तपासणी. मी पुढे चालत राहिले तर शिपाई धावत येऊन आडवा झाला. मागून केव्हाचा ओरडत होता म्हणे, मॅडम, पास दाखवा. ओरडत होता तर ऐकू आलं नसतं का? पण आज कुणाशी भांडायचं नव्हतं.

गॅलरीत बसले. खाली सगळं लाल. ताई तिसऱ्या रांगेत, निळ्या काठाची साडी. बारा वाजले. पहिला प्रश्न. थोडी आरडाओरड झाली, माझा जीव गेला, मग शमली. दुसरा प्रश्न लांबला, इतका लांबला की मला त्या मंत्र्याला खाली जाऊन बसवावंसं वाटलं. तिसऱ्याचे सदस्य गैरहजर! देव त्यांचं भलं करो, ते कुठेही असोत.

मग सभापतींनी ताईंचं नाव घेतलं.

ताई उठल्या. प्रश्न क्रमांक सांगितला. मंत्री उठले, उत्तर पटलावर ठेवलंय म्हणाले, बसले. आणि ताईंनी सुरुवात केली. लाउडस्पीकरवर शब्द न् शब्द ऐकू येत होता. मला पाठ होतं, तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

"सभापती महोदय, माझ्या कार्यालयात एक मुलगी शिकायला आली आहे. ती फार मोठ्याने बोलते. आम्ही तिला हसलो. मी तिला कारण विचारलं तेव्हा कळलं, तिची सगळी चाळ मोठ्याने बोलते, कारण त्या चाळीतले कर्ते पुरुष धाग्याच्या मशीनवर काम करतात आणि त्यांना ऐकू येत नाही. मंत्रिमहोदयांच्या तक्त्यात शून्य आहे. माझा एकच प्रश्न आहे. हे शून्य कुणाचे कान तपासून आलं, की कुणाचेच न तपासता?"

कुणीतरी बाक वाजवला, मग दुसऱ्याने, मग विरोधी बाजूनेही. मंत्री उठले. मागे वळले, मागून चिठ्ठी आली, ती त्यांनी वाचली, घडी केली, खिशात ठेवली. आणि म्हणाले, हे खरं आहे की नोंद तिथेच होते जिथे तपासणी होते. तपासणी नाही म्हणून नोंद नाही. मी सदस्यांना आश्वासन देतो, औद्योगिक पट्ट्यांत कान तपासणीची शिबिरं दोन महिन्यांत सुरू करू, आणि त्या मुलीच्या भागापासून सुरू करू.

ताईंनी दुसरा पूरक विचारला: तपासणीत दोष निघाला म्हणून कामगाराला कामावरून काढणार नाहीत, याचं काय? मंत्री म्हणाले, अहवाल कामगाराच्या हातात जाईल, मालकाला नावं मिळणार नाहीत, फक्त संख्या कळेल. हे सभागृहात म्हणाले! हे आता छापलं जाणार! हा दुसरा प्रश्न माझा नव्हता. तो ताईंनी स्वतःहून घातला. पप्पांसाठी.

बाक वाजत होते आणि मी मांडीखाली दोन्ही हात दाबून बसले होते. टाळी वाजवायची नाही. ओरडायचं नाही. मी, जिला हळू बोलता येत नाही ती, तोंड मिटून! ताईंनी बसताना एकदा वर बघितलं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी मूठ छातीवर ठोकली. धागा जुळला. मशीन चालू.

मार्शलने बघितलं. पण याला टाळी म्हणता येत नाही.

१२ डिसेंबर

आईचा फोन. काल चाळीतल्या बायका आमच्याकडे टीव्हीसमोर जमल्या होत्या. पप्पांची रात्रपाळी, म्हणून दुपारी घरीच. ताई बोलायला लागल्या तशी आई पप्पांसमोर उभी राहून हातांनी सांगत गेली — पोरगी, मोठा आवाज, चाळ, मशीन, शून्य. शून्याला आमच्या भाषेत खूण नव्हती. आईने अंगठा-तर्जनीचं रिंगण करून फुंकर मारली.

"मग?" मी विचारलं. "पप्पा काय म्हणाले?"

"काय बी नई. उठनात, बाहेर गयात. मंग जिलबी ली उनात. बठ्ठा चाळले."

सगळ्या चाळीला जिलेबी! पप्पांनी!

१९ डिसेंबर, शुक्रवार

शेवटचा दिवस. अरविंद सरांनी मला त्यांचं लाल पेन दिलं. "आता तूच कापत जा," एवढंच म्हणाले, किंवा तसंच काहीतरी, सुपारी होती. प्रथमेश स्टेशनवर सोडायला आला, बॅग उचलली आणि म्हणाला, पीठ अजून संपलं नाही? ताईंनी निरोप देताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आवाज कमी करू नकोस," म्हणाल्या.

नाही करणार.

१० जानेवारी, शनिवार. सिल्वासा

तारीख आली! १८ला शिबिर, आमच्याच चाळीमागच्या समाजमंदिरात. मंत्र्याने शब्द पाळला. कॉलेजात प्राचार्यांनी मला व्यासपीठावर बोलावून शाल दिली. "काकू" म्हणणारी पोरं आता "खासदार" म्हणतात. मी म्हटलं, मोठ्याने म्हणा.

१७ जानेवारी, शनिवार

मुंबईहून कान तपासणाऱ्या सोनीबेन यंत्र घेऊन आल्या. काचेचं एक खोकं, माणूस आत बसेल एवढं. दिवसभर मी चाळभर फिरून नावं लिहून घेतली, सांगितलं, उद्या सकाळी या. सगळे म्हणाले येतो. मधुकर काकांनी मान हलवली, म्हणजे त्यांना ऐकू आलं नाही, मग मी खुणेने सांगितलं. पप्पांनी नवा शर्ट काढून ठेवलाय. पण चेहरा बरा नाही. भीती गेलेली नाही. अहवाल तुमच्याच हातात येणार, मी कितीदा सांगितलं.

उद्या शून्य संपेल. इतकी खूश मी आयुष्यात नव्हते.

१८ जानेवारी, रविवार

पप्पा खोक्याशी आले आणि मागे फिरले. ते फिरले तसे सगळेच थबकले. मग मी म्हटलं, थांबा, मी बसून दाखवते. आवाज आला की बटण दाबायचं, त्यात काय.

बसले. दार लागलं. बटणावर अंगठा ठेवून पहिल्या आवाजाची वाट बघत राहिले. काचेपलीकडे सोनीबेनचं बोट यंत्रावर सरकत होतं, थांबत होतं, परत सरकत होतं. मला वाटलं, अजून सुरू व्हायचंय, आणि दार उघडलं.

बाहेर आल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या, तोंड दिसेल अशा, आणि सावकाश विचारलं, "तू कया खातामां काम करती हती?"

वाइंडिंग खात्यात, मी म्हटलं. दोनच वर्षं.

पप्पांनी त्यांचे ओठ वाचले, माझे वाचले. माझ्या खांद्याला हात लावला, आणि कुणी न सांगता आत जाऊन बसले. मागे रांग लागली.

दिल्लीत कोणीही पुटपुटत नव्हतं.